शेळीच्या लघवीत साखर आढळल्यास काय करावे

रवंथ करणाऱ्या जनावरांना मधुमेह होतो, परंतु तो फार विरळा असतो. म्हणून आटपाडी, जत किंवा माण भागात एखादी शेळी खाऊनही रोडावत असेल, वारंवार पाणी पिऊन लघवी करत असेल आणि तपासणीपट्टीवर साखर दिसली, तरी मधुमेहाचा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. निरोगी शेळीची रक्तशर्करा दर डेसिलिटरला साधारण ५० ते ७५ मिलिग्रॅम, म्हणजे माणसापेक्षा कमी असते, कारण कोटीपोटात चाऱ्यापासून तयार होणाऱ्या प्रोपिऑनिक आम्लातून यकृत ग्लुकोज बनवते.

नमुना घेण्याची रीत येथे निर्णायक ठरते. पकडापकडी, प्रवास आणि वेदना यांमुळे रक्तशर्करा वाढते. झायलाझिन (गुंगीचे औषध) व डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) या औषधांनीही ती वाढते, त्यामुळे अलीकडे कोणती इंजेक्शने दिली हे आधी विचारावे. बसलेली शेळी सकाळी उठताच बहुधा लघवी करते. त्या वेळी लांब दांड्याला बांधलेली स्वच्छ वाटी हळूच पुढे धरावी. मेंढीचे नाक दाबून लघवी करवून घेण्याची पद्धत या तपासणीसाठी टाळावी, कारण त्या ताणानेही साखर वाढू शकते.

भरडा किंवा धान्य अचानक जास्त खाल्लेल्या करडात लघवीत साखर आणि झटके, लडखडणे अशी लक्षणे एकत्र दिसली, तर तो आंत्रविषार, म्हणजे आतड्यातील जिवाणूंच्या विषामुळे होणारा आजार, असू शकतो. तो काही तासांत जीव घेतो, म्हणून अहवालाची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. त्याची पावसाळ्यापूर्वीची लस चुकवू नये, हे मी आग्रहाने सांगेन. गाभण शेळी शेवटच्या दीड महिन्यात खाणे सोडून मलूल झाली, तर पट्टीवर किटोन (शरीरातील चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) पाहावेत: गाभणकाळातील किटोसिसमध्ये किटोन असतात, पण रक्तशर्करा बहुधा कमी असते, मधुमेहात मात्र दोन्ही वाढलेले असू शकतात.

हे सर्व वगळल्यावरही, शांत जनावरात वेगवेगळ्या दिवशी रक्त आणि लघवी या दोन्हींत साखर टिकून राहिली, तरच मधुमेह मानावा. रक्त फ्लोराइडच्या नळीत घ्यावे, अन्यथा रक्तपेशी साखर वापरत राहतात. फ्रुक्टोसामिनच्या (साखर चिकटलेल्या रक्तातील प्रथिनांच्या) चाचणीने मागील दोन-तीन आठवड्यांतील रक्तशर्करेचा अंदाज येतो. सातारा जिल्ह्यात शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे याबाबत विचारणा करता येईल. गाईंमध्ये लाळ्या-खुरकूतानंतर मधुमेह झाल्याच्या नोंदी असल्याने तो आजार पूर्वी झाला होता का, हेही सांगावे.

उपचार इन्शुलिनचा, रोजचा आणि खर्चिक असतो. कळपातील शेळीसाठी तो झेपेल का, हे पशुवैद्यकाशी बोलून ठरवावे. माणसाच्या मधुमेहाच्या गोळ्या अंदाजाने कधीही देऊ नयेत.