होडीला गनने रंग मारायचाय? कॉम्प्रेसर घेताना या चुका टाळा

१ जूनपासून मासेमारी बंद झाली की कोकणात होड्या वर ओढल्या जातात आणि रंगाची कामं निघतात. फायबरच्या पंधरा-अठरा फुटी होडीला ब्रशऐवजी गनने रंग मारायचा तर कॉम्प्रेसर लागतो. तो घेताना बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात: मोटर किती एचपीची आणि टाकी किती लिटरची. काम बिघडतं ते इथूनच.

विचारायचं ते हे, की प्रत्यक्षात हवा किती सोडतो? याला एफएडी म्हणतात आणि ती सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट हवा) मोजतात. दुकानदार बऱ्याचदा डिस्प्लेसमेंटचा, म्हणजे पिस्टन कागदावर जेवढी हवा ओढतो तो आकडा सांगतो, तो नेहमीच मोठा असतो. साधा २ एचपीचा पिस्टन कॉम्प्रेसर खरी हवा ५-६ सीएफएमच देतो, आणि बऱ्याच एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनना १०-१२ किंवा त्याहून जास्त लागते. म्हणून आधी गन ठरवा, मग कॉम्प्रेसर. मोठा कॉम्प्रेसर परवडत नसेल तर ४-५ सीएफएमवर चालणारी एलव्हीएलपी (कमी हवा, कमी दाब) गन घ्या. काम सावकाश होईल, पण नीट होईल.

“टाकी मोठी घेतली की भागतं” हा समजही खोटा. हिशेब करून बघा. गन १२ सीएफएम खाते, कॉम्प्रेसर ६ देतो, म्हणजे मिनिटाला सुमारे १७० लिटर हवा कमी पडते. १०० लिटरची टाकी ८ बार दाबावरून ३ बारवर येईपर्यंत साधारण ५०० लिटर हवा देते. तीन मिनिटं झाली की संपलं! होडीची एक बाजूही पुरी होत नाही, आणि थांबलात की ओल्या-सुक्या रंगाचा जोड कायमचा दिसतो.

रंग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतोय? रंग घट्ट आहे किंवा गनला हवा पुरत नाही. प्रेशर बघायचं ते गनपाशी, ट्रिगर दाबून. टाकीवरचा काटा इथे कामाचा नाही. पाइप आतून ८ मिमीपेक्षा बारीक नको, लांब असेल तर १० मिमीचा घ्या. होडी लांब असेल तर हवेचा पाइप वाढवा, विजेची वायर नव्हे. लांब, बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि मोटर चालू होतानाच गुरगुरून तापते.

आता पाणी. किनाऱ्यावर खरा शत्रू हाच, आणि त्याच्याकडेच सर्वात जास्त दुर्लक्ष होतं. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना ६ सीएफएमचा कॉम्प्रेसर तासाभरात हवेबरोबर पाव लिटरभर पाणी ओढून घेतो. त्यातलं बरंचसं टाकीत साचतं, उरलेलं गनमधून रंगात उतरतं. मग बारीक खड्डे, फोड, पांढुरका डाग. वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) कॉम्प्रेसरला चिकटून लावणं ही नेहमीची चूक. तिथे हवा गरम असते, पाणी वाफेच्या रूपात तसंच पुढे निघून जातं. पाच-सात मीटर पाइपनंतर, हवा गार झाल्यावर लावा. टाकीखालचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) कामाआधी आणि मधेमधे उघडा. रंग भरण्याआधी गनची हवा स्वच्छ आरशावर मारून बघा: थेंब दिसले तर पाणी, तेलकट पुसट डाग दिसला तर तेल, बहुधा पिस्टनच्या रिंगा गेल्यात. पाऊस पडत असेल तर थांबा, फिल्टर कितीही चांगला असला तरी.

दोन भागांच्या पीयू (पॉलीयुरेथेन) रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. त्याच्या तुषारापुढे कापडी किंवा धुळीचा मास्क कामाचा नाही, आणि दम्याचा त्रास कायमचा जडू शकतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क नसेल तर हा रंग गनने मारूच नका. साध्या कॉम्प्रेसरची हवाही श्वासासाठी वापरू नका, तिच्यात तेल असतं.

पाण्याखालच्या भागाला लागणारा तांब्याचा अँटीफाउलिंग (शेवाळ, शिंपले चिकटू न देणारा) रंग मात्र रोलरनेच मारा. तो विषारी असतो, त्याचा तुषार उडवण्यात काही फायदा नाही. तो भाग वजा केला की गनचं कामही कमी होतं.