घुबडाच्या रक्ताची काचपट्टी: करायची कशी, वाचायची कशी

वन्यपक्ष्यांच्या काचपट्ट्या (रक्ताचा पातळ थर पसरून सुकवलेल्या काचा) सूक्ष्मदर्शकाखाली वाचणं हे माझं रोजचं काम. घुबडाची काचपट्टी आली की पाठवणारा सोबत एकच प्रश्न लिहून देतो, "परजीवी आहेत का?" बऱ्याचदा उत्तर "आहेत" असंच असतं, आणि तरी घुबड धडधाकट असतं. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारा: कोणता परजीवी, किती, आणि पक्ष्याची तब्येत कशी? या तिन्हींची उत्तरं एकाच कागदावर हवीत. पक्षी न पाहता नुसत्या काचपट्टीवरून निदान करायला मला कुणी सांगितलं, तर मी करत नाही.

आधी पक्षी हातात असतानाचं काम. पकडण्याची परवानगी आणि पकडायला शिकलेला माणूस, या दोन्हींशिवाय सुई हातात घेऊ नका. घुबडाच्या चोचीपेक्षा नख्यांची धास्ती बाळगा. डोक्यावर कापड टाकलं की ते बरंचसं शांत होतं. वजन करा आणि छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. मांस भरलेलं असेल तर हाड जेमतेम लागतं, खंगलेल्या पक्ष्यात ते धारेसारखं टोचतं. हे लगेच टिपून ठेवा, नंतर आठवून लिहिलेल्या नोंदीवर माझा विश्वास नाही.

बहुतेक घुबडांच्या पायांवर पिसं असतात, त्यामुळे पायाच्या शिरेपेक्षा पंखाच्या आतल्या बाजूची, कोपरावरून जाणारी शीर सोयीची पडते. पिसं पाण्याने किंवा स्पिरिटने ओली करून बाजूला सारली की ती निळसर दिसते. बारीक सुईने टोचा, थेंब वर आला की घ्या, मग कापूस दाबून मिनिटभर धरा. इथली त्वचा पातळ असते, घाईने सोडलंत तर खाली रक्त साकळून काळंनिळं होतं. वजनाच्या 1 टक्क्याहून जास्त रक्त कधीच काढू नये. सव्वाशे ग्रॅमच्या पिंगळ्याला ही मर्यादा सव्वा मिलिलिटर पडते, आपल्याला तर काही थेंबच पुरतात. आजारी पक्ष्याकडून त्याहूनही कमी घ्या.

काचपट्टीवर मात्र सावकाशीला जागा नाही. हिमोप्रोटिअस या लाल पेशींत राहणाऱ्या एकपेशीय परजीवीच्या लिंगपेशी (नर-मादी पेशी) रक्त बाहेर येऊन गार झालं, हवा लागली की चिलटाच्या पोटात पोचल्यासारखं वागू लागतात, गोल होतात आणि लाल पेशीतून बाहेर पडतात. कॅनडाच्या मॅकॅलम या संशोधकाने 1897 मध्ये कावळ्याच्या रक्तात याच परजीवीच्या नर-मादी पेशींचं मीलन पाहिलं, ते असंच काचेवर घडत होतं. म्हणून गोठू न देणाऱ्या औषधाच्या नळीतून नव्हे, थेट ताज्या थेंबातून काचपट्टी करा. थेंब मोहरीएवढाच घ्या. दुसरी काच साधारण 30 ते 45 अंशांत टेकवा, थेंबापर्यंत मागे आणा, रक्त कडेने पसरू द्या आणि एका दमात पुढे ढकला. टोकाला रक्ताचा थर विरत जातो, वाचायची जागा त्याच्या थोडी अलीकडे, पेशी एकमेकींना न चिकटता एका थरात पसरलेल्या असतात तिथे. प्रत्येक पक्ष्याच्या तीन काचपट्ट्या करा, एक तरी बिघडतेच.

सुकवणं हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पंख्याने किंवा हवा घालून काही सेकंदांत सुकवा. दमट हवेत आपोआप सुकायला ठेवलेल्या काचेवर पेशींमध्ये चमकदार पोकळ्या दिसतात आणि मग त्यातला परजीवी कोणता, पोकळी कोणती, हे कुणालाच सांगता येत नाही. सुकल्यावर मुंग्या, माश्या आणि झुरळांपासून जपा. मला अर्धी चाटलेली काचपट्टी आलेली आहे, आणि पाठवणाऱ्याला ती रक्त कमी घेतल्यामुळे तशी वाटली होती! फॉर्मलिनच्या बाटलीशेजारीही ठेवू नका, नुसत्या वाफेनेही नंतरचा रंग बिघडतो. त्याच दिवशी शुद्ध मिथेनॉलमध्ये मिनिटभर बुडवा. नाव, तारीख, जागा पेन्सिलीनेच लिहा, पेनची शाई मिथेनॉल धुऊन नेतं. मग 10 टक्के गिम्सा (पेशी आणि परजीवी रंगवणारा रंग), 7.2 पीएचच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), सुमारे तासभर. झटपट होणारे रंग निदानाला चालतात, पण परजीवीची जात ओळखायची असेल तर गिम्साच.

थोडं रक्त बारीक केशनळीत घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलंत तर दोन कामं होतात. लाल पेशींचं प्रमाण कळतं (पक्ष्यांत ते ढोबळमानाने 35 ते 55 टक्के असतं), आणि लाल थराच्या वरच्या पांढुरक्या रेषेवर सूक्ष्मदर्शक रोखला तर ट्रायपॅनोसोमा (रक्तात मोकळे पोहणारे लांबट एकपेशीय परजीवी) वळवळताना दिसतात. काचपट्टीवर ते क्वचितच सापडतात.

आता वाचन. पक्ष्यांच्या लाल पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या रक्तावर डोळा बसलेल्यांना सुरुवातीला प्रत्येक पेशी संशयास्पद वाटते. आधी 400 पटीवर सगळा पातळ भाग फिरून या. ल्युकोसायटोझून (काळ्या माश्या पसरवतात तो रक्तपरजीवी) इथेच दिसतो: आपण राहतो त्या पेशीचा आकारच तो बदलून टाकतो. पेशी कधी दोन्ही टोकांना ताणलेली, कधी गोल फुगलेली, आणि तिचं केंद्रक एका कडेला ढकललेलं. परजीवीची मादी पेशी गडद निळी, नर फिकट. महत्त्वाचं म्हणजे त्यात तपकिरी कण नसतात. मग तेल टाकून 1000 पटीवर जा. हिमोप्रोटिअस केंद्रकाभोवती वळून बसतो, त्यात सोनेरी-तपकिरी कण असतात, हिमोग्लोबिन पचवून उरलेले. प्लाझ्मोडिअममध्येही (डासांनी पसरणारा, मलेरियाचा परजीवी) तेच कण असतात, पण रक्तातच विभागणारी अवस्था दिसली की तो प्लाझ्मोडिअम, वाद संपला. नुसत्या लांबट लिंगपेशी दिसत असतील तर भलता आत्मविश्वास दाखवू नका. रक्ताचा एक थेंब इथेनॉलमध्ये ठेवा आणि परजीवीच्या सायटोक्रोम बी या जनुकाची पीसीआर (जनुकाचा तुकडा अनेक पटींनी वाढवून ओळखण्याची चाचणी) करून घ्या. रंगाचे खडे आणि परजीवी यांत गोंधळ झाला तर फोकस हलवून बघा. खडा पेशीच्या वरच्या पातळीवर असतो.

जुन्या दिग्गजांचाही यात घोळ झालेला आहे. 1904 मध्ये जर्मन प्राणिशास्त्रज्ञ शाउडिनने युरोपातल्या छोट्या घुबडाच्या रक्तातले हिमोप्रोटिअस आणि ट्रायपॅनोसोमा हे एकाच जिवाचे टप्पे आहेत, असं मांडलं होतं. एका पक्ष्यात दोन-तीन परजीवी एकत्र असणं घुबडांत नेहमीचंच, म्हणून एक सापडला की शोध थांबवू नका.

मोजणी 10,000 लाल पेशींची. एकही सापडला नाही तर अहवालात "निगेटिव्ह" लिहू नका, "10,000 पेशींत दिसला नाही" असं लिहा. जुन्या संसर्गात परजीवी अवयवांत दडून राहतो आणि विणीच्या काळात पुन्हा रक्तात वाढतो. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाची कोरी काचपट्टी तर काहीच सांगत नाही, परजीवी रक्तात यायलाच तेवढे दिवस लागतात. आणि उलटंही: फार आजारी पक्षी उडतच नाही, जाळ्यातही येत नाही. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांवरून "परजीवी निरुपद्रवी" असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवते.

कॅनडाच्या युकॉनमध्ये 1990 च्या सुमारास सशांची संख्या कोसळली तेव्हा शिंगवाल्या घुबडांची पिल्लं काळ्या माश्यांच्या चाव्यांनी आणि ल्युकोसायटोझूनने मेली. परजीवी तिथे आधीही होताच. भूक, माश्या आणि परजीवी एकत्र आले तेव्हा जीव गेले. म्हणून तुमच्या पिंजऱ्यातल्या जखमी घुबडाच्या रक्तात थोडे हिमोप्रोटिअस दिसले, वजन बरं आहे, लाल पेशी पुरेशा आहेत, तर औषधाच्या मागे लागू नका. जखम बघा, खाणं बघा, दोन आठवड्यांनी पुन्हा काचपट्टी करा. लाल पेशी 25 टक्क्यांखाली, हाड टोचतंय, आणि काचेवर निळसर झाकेच्या कोवळ्या लाल पेशी वाढलेल्या दिसताहेत, तर पशुवैद्याला त्याच दिवशी कळवा.

हिमघुबडासारखी उत्तरेकडची जात पाळीव स्थितीत असेल तर नियम वेगळा. तिला प्लाझ्मोडिअमचा सराव नसतो आणि ती त्याने मरू शकते, त्यामुळे तिथे एक परजीवी दिसला तरी गंभीर. पिंजऱ्याला जाळी लावताना भोकं मोजा. साध्या मच्छरदाणीने डास अडतात, हिमोप्रोटिअस आणणारी चिलटं 1 ते 3 मिलिमीटरची असतात आणि त्यातून सहज आत येतात.