पॅनिंगमध्ये सायकलस्वार पुसट, मागची झाडे स्पष्ट : माझा अनुभव
नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर पॅनिंगने, म्हणजे धावत्या स्वाराबरोबर कॅमेरा फिरवत, सायकलस्वार टिपताना मागची झाडे रेखीव येत, स्वाराचा चेहरा मात्र पुसट होई. शटर उघडे राहण्याचा वेळ १/१००० सेकंद केला, तर चाकांचे आरेही गोठून धावती सायकल उभी वाटू लागली. तीन रविवार असे गेल्याने जीव अगदी मेटाकुटीला आला.

अखेर लेन्सचा स्टॅबिलायझर पॅनिंग मोडवर नेला, म्हणजे तो केवळ वर-खालचा हादरा सावरतो. मग कंटिन्युअस ऑटोफोकस (हलत्या स्वारावर सतत फोकस ठेवणारा), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/६० ठेवले, चढावर स्वार संथ असल्याने १/३०. त्यानंतर बटण जिथे दाबायचे त्या जागेकडे पावले रोवून, फक्त कंबर येणाऱ्या स्वाराकडे वळवून, फोकसबिंदू त्याच्या हेल्मेटवर धरून त्याच्याच वेगाने कॅमेरा फिरवला, समोर येताच बटण दाबले आणि दाबल्यावरही फिरवणे थांबवले नाही. आता हनुवटीखालचा पट्टाही स्पष्ट दिसतो आणि आऱ्यांची धूसर चकती होते.