पॅकेट गळताहेत? आधी सॉफ्टनेट-स्टॅट वाचा

लिनक्स सर्व्हरवर पॅकेट गळू लागली की बरेच जण थेट नेटडेव्ह-मॅक्स-बॅकलॉग (आलेली पॅकेट सीपीयूसाठी थांबतात त्या रांगेची कमाल लांबी) वाढवतात. पण नॅपी (पॅकेट गठ्ठ्याने उचलण्याची पद्धत) वापरणारा ड्रायव्हर असेल आणि आरपीएस (पॅकेटांचं काम सॉफ्टवेअरने अनेक सीपीयूंत वाटणं) बंद असेल, तर नेटवर्क कार्डावरची पॅकेट त्या रांगेत जातच नाहीत. 1000 चे 10000 करूनही फरक शून्य.

आधी प्रॉक-नेटमधली सॉफ्टनेट-स्टॅट फाइल उघडा. एक ओळ म्हणजे एक सीपीयू. आकडे हेक्समध्ये असतात, तिथला 10 म्हणजे आपला 16. पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटांचा, दुसरा बॅकलॉग भरल्याने टाकून दिलेल्यांचा. तिसरा सांगतो, काम शिल्लक असताना बजेट, म्हणजे एका फेरीसाठीची पॅकेटांची किंवा वेळेची मर्यादा, किती वेळा संपलं. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, म्हणून 10 सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचून फरक काढा.

तिसरा रकाना भराभर वाढत असेल तर नेटडेव्ह-बजेट (पॅकेटांची मर्यादा) 300 वरून 600 करा, सोबत बजेट-यूसेक्स (वेळेची मर्यादा, मायक्रोसेकंदांत) हीसुद्धा वाढवा. दोन्हींपैकी जी मर्यादा आधी संपते तिथे कर्नल थांबतो, त्यामुळे एकच वाढवून भागत नाही. अति वाढवलंत तर त्याच सीपीयूवरचे बाकीचे प्रोग्राम ताटकळतात.

दोन्ही रकाने स्थिर, पण ईथटूल या कार्डाची माहिती देणाऱ्या कमांडच्या आकडेवारीत 'मिस्ड' वाढतंय? मग कार्डाचा रिंग बफर, म्हणजे पॅकेट उचलली जाईपर्यंत थांबतात ती जागा, भरतोय. तो 256 चा 1024 करा, पण रहदारी कमी असताना. काही ड्रायव्हर त्या क्षणी लिंक पाडतात.

सगळा भार एकाच ओळीत दिसला तर कार्डाच्या रांगा वाढवा. एकच रांग असलेल्या व्हर्च्युअल मशीनवर आरपीएस चालू करा. बॅकलॉगचा आकडा खरा कामाला येतो तो इथे.