जुन्या क्रॉलर ट्रॅक्टरचं ऑइल: या चुका टाळा

जुना क्रॉलर, म्हणजे चाकांऐवजी लोखंडी साखळीपट्ट्यांवर चालणारा ट्रॅक्टर, घरी आला की लोक आधी पिवळा रंग आणतात, सीट शिवायला टाकतात आणि ऑइलच्या दुकानात जाऊन "चांगल्यातलं द्या" म्हणतात. दुकानदार सगळ्यात नवीन, सगळ्यात महाग डबा काढून देतो आणि तिथूनच बिघाड सुरू होतो. इथे उदाहरणाला कॅटरपिलरचा डी-४ घेतला आहे, १९४७ ते १९५९ या काळात निघालेली ७यू मालिका. इंजिन चार सिलिंडरचं डिझेल, ते सुरू करायला शेजारी दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन आणि वळवायला दोन्ही बाजूंना एकेक कोरडा स्टिअरिंग क्लच; ज्या बाजूचा सुटतो त्या बाजूला यंत्र वळतं. त्या काळातल्या इतर क्रॉलरनाही यातलं बरंच लागू पडतं, पण आपल्या मॉडेलचं मॅन्युअल मिळवल्याशिवाय एकही बूच उघडू नका.

गिअरबॉक्समध्ये जीएल-५

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. गिअर ऑइलच्या डब्यावर जीएल-१, जीएल-४, जीएल-५ असा दर्जा लिहिलेला असतो; ५ हा आकडा ४ पेक्षा मोठा, म्हणून ऑइल जास्त चांगलं, असा हिशेब लोक करतात. जीएल-५ बनलं ते हायपॉइड गिअरसाठी. त्यात पिनियनचा (छोट्या गिअरचा) अक्ष क्राउनच्या (मोठ्या गिअरच्या) मध्यापासून बाजूला सरकवलेला असतो, त्यामुळे दात एकमेकांवर जोरात घसरतात आणि तो दाब सोसायला गंधक-फॉस्फरसचे अॅडिटिव्ह भरपूर लागतात, जीएल-४च्या साधारण दुप्पट. जुन्या क्रॉलरच्या बेव्हल गिअरमध्ये दोन्ही अक्ष एकमेकांना छेदतात. तिथे एवढ्या अॅडिटिव्हची गरजच नसते. उलट ऑइल तापलं की हेच गंधक पितळ आणि ब्राँझ खायला लागतं. बुश आणि थ्रस्ट वॉशर आधी काळे पडतात, मग पापुद्रे सुटतात. ऑइल काढल्यावर त्यात सोनेरी चमक दिसली तर ती याचीच.

सगळी जीएल-५ सारखी वाईट नसतात. कंपनीच्या माहितीपत्रकात तांबेपट्टी चाचणीचा, म्हणजे ऑइल तांब्याला किती काळं करतं त्याचा, निकाल पाहा. १ए किंवा १बी असेल तर पितळाला धोका कमी. पण मुळात साधं खनिज गिअर ऑइल, जीएल-१ किंवा जीएल-४, मिळत असताना हा शोध घ्यायचा कशाला?

आकड्यांचा आणखी एक घोळ. गिअर ऑइलचं ९० म्हणजे इंजिन ऑइलच्या ५० पेक्षा जवळपास दुप्पट घट्ट, असं अनेकांना वाटतं. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सिअसला गिअरचं ९० साधारण १३.५ ते १८.५ सेंटीस्टोक (घट्टपणाचं माप) भरतं, इंजिनचं ५० भरतं १६.३ ते २१.९. म्हणजे जवळपास सारखंच. १४० मात्र खरोखर घट्ट, २४ सेंटीस्टोकच्या पुढे. मॅन्युअलमध्ये ९० लिहिलं असताना "मशीन जुनी आहे, जाड टाका" म्हणून १४० ओतलं तर थंडीत सकाळी ते बेअरिंगपर्यंत वेळेवर पोचत नाही.

"थोडं जास्त असलं तर बरं"

मुळीच बरं नाही. वर्षानुवर्षं शेडमध्ये उभा राहिलेल्या एका डी-४ची गोष्ट. नव्या मालकाने सगळी ऑइलं बदलली, हे उत्तम केलं. पण गिअरबॉक्समध्ये खुणेवर न थांबता ओतत राहिला. बेव्हल गिअरच्या कप्प्याला दोन्ही बाजूंनी लागून कोरड्या स्टिअरिंग क्लचचे कप्पे असतात, मध्ये ऑइल अडवणारं फक्त सील. जुनी, वाळलेली सील तेवढी पातळी पेलू शकली नाहीत. काही तासांत नांगराचा भार आला की यंत्र उजवीकडे ओढायला लागलं, कारण उजवा क्लच घसरत होता. मालकाने लिव्हर ताणून लावला. मोकळी चाल संपली, क्लच सतत अर्धवट सुटलेला राहिला आणि डिस्क तापल्या. मग अमेरिकेतून नव्या डिस्क मागवल्या. उघडल्यावर दिसलं की जुन्या डिस्कची जाडी शाबूत होती, त्या नुसत्या ऑइलने चिंब झाल्या होत्या.

अशा वेळी आधी क्लचच्या कप्प्याचं खालचं बूच काढा. तिथून धार लागली तर कारण सापडलं. ते ऑइल कुठलं, हे गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह (साखळी फिरवणारे शेवटचे गिअर) यांतली कोणती पातळी उतरली त्यावरून कळतं. सगळं निथळू द्या. बूच लावून चार-पाच लिटर केरोसीन ओता, मोकळ्या जागी यंत्र पुढे-मागे चालवा आणि लिव्हर पुन्हा पुन्हा ओढून सोडा. केरोसीन काढा, पुन्हा नवीन घाला, स्वच्छ उतरेपर्यंत हेच करा. रात्रभर बूच उघडं ठेवा. हे काम पेट्रोलने करू नका, बंद कप्प्यात ब्रेकही असतो आणि एक ठिणगी पुरते. डिस्क वाचल्या तरी सील बदलावंच लागतं. कोरड्या कप्प्यात ऑइल भरणारेही भेटतात, "रिकामा दिसला" म्हणून. मॅन्युअल वाचायचा कंटाळा किती महाग पडतो ते अशा वेळी कळतं.

रोलरमध्ये साधं ग्रीस

साखळीवर यंत्राचा भार पेलणाऱ्या खालच्या रोलरला आणि पुढच्या आयडलरला (साखळी ज्यावरून वळते त्या चाकाला) ग्रीसचं निप्पल दिसतं, म्हणून लोक चेसिस ग्रीसची गन लावतात. त्या काळच्या रोलरना वाहतं, जड वंगण लागायचं. ते शाफ्टच्या आतल्या वाटेने बुशपर्यंत जाऊन परत फिरतं. एनएलजीआय (ग्रीसच्या घट्टपणाची श्रेणी) २ दर्जाचं ग्रीस तिथे जाऊन बसतं, त्यातलं तेल सुटतं आणि ग्रीसला घट्टपणा देणारा साबण वाळून वाट बंद होते. त्यानंतर तुम्ही कितीही पंप मारा, बुश कोरडंच. एनएलजीआय ००० दर्जाचं पातळ ग्रीस किंवा जड गिअर ऑइल वापरा, तेही हाताच्या पंपाने, हळू. हवेच्या दाबावरची गन लावली तर सील फुटतं.

साखळीच्या पिनला मात्र काहीच लावू नका. कोरड्या साखळीवर ऑइल टाकलं की माती चिकटते आणि सहाणेवर उगाळल्यासारखी पिन झिजते.

इंजिन: "जुन्याला बिनडिटर्जंटचं"

जुन्या इंजिनाला डिटर्जंट (मळ सोडवणारं रसायन) नसलेलं ऑइलच बरं, हा समज डिझेलच्या बाबतीत उलटा आहे. १९३१ साली कॅटरपिलरचा पहिला डिझेल ट्रॅक्टर आला तेव्हा साध्या ऑइलने पिस्टनच्या रिंगा चिकटायच्या. त्या त्रासातूनच १९३०च्या दशकात डिझेलसाठी डिटर्जंट ऑइल निघालं. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीएफ किंवा त्यानंतरचं 'सी' मालिकेतलं डिझेलचं ऑइल चालतं. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात सिंगल ग्रेड ४० किंवा १५डब्ल्यू-४०.

धोका दुसरीकडे आहे. वर्षानुवर्षं साचलेला गाळ डिटर्जंटने एकदम सुटतो, स्ट्रेनर (ऑइलची गाळणी) भरतो आणि प्रेशर पडतं. म्हणून आधी ऑइल गरम असताना काढा, तळ उघडून गाळ खरवडा, स्ट्रेनर धुवा. केरोसीन घालून इंजिन चालवण्याचा शॉर्टकट बेअरिंगची वाट लावतो. नव्या ऑइलचा पहिला हप्ता १० तासांत बदला, दुसरा ५० तासांत, मग १०० वर जा. फिल्टर प्रत्येक वेळी.

डिपस्टिकवर पातळी आपोआप वाढली तर आनंद मानू नका, डिझेल आत उतरतंय. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी.

एअर क्लीनरच्या वाटीत इंजिनचंच ऑइल, खुणेपर्यंतच. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेल इंजिन स्वतःच्या वंगणावर बेफाम पळू शकतं. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल तिथे नको. तळाशी अर्धा इंच गाळ साचला की वाटी धुवा.

विसरलेले कप्पे

छोट्या पेट्रोल इंजिनचं ऑइल कोणी पाहत नाही, कारण ते काही मिनिटंच चालतं. कार्ब्युरेटरची सुई गळत असेल तर पेट्रोल क्रँककेसमध्ये झिरपतं आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. सुरू करण्याआधी डिपस्टिकचा वास घ्या. काम झालं की पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालू द्या. याच इंजिनला जोडलेल्या पिनियनच्या कप्प्यात वेगळं ऑइल असतं. त्याचं बूच बहुतेक वेळा मातीच्या थराखाली असतं, ब्रशने खरवडून शोधा.

पावसाळ्यानंतर गिअरबॉक्स आणि दोन्ही फायनल ड्राइव्हची खालची बुचं यंत्र रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी, इंजिन न फिरवता, किंचित सैल करा. पाणी तळाशी बसलेलं असतं, तेच आधी येतं. ऑइल दिसलं की लगेच आवळा आणि गिअर लिव्हरचा फाटलेला रबर त्याच दिवशी बदला.