पोलिओच्या फील्डवर जायचंय? आधी चालायची तयारी ठेवा

एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स झाली, आता आफ्रिकेत काम मिळेल का, असं बरेच जण विचारतात. मिळेल, पण आधी आपल्याकडचं फील्ड करा. मी एमबीबीएस करून बिहारमध्ये कोसी नदीच्या पट्ट्यात पोलिओ सर्व्हेलन्सला, म्हणजे केसेस शोधायच्या कामाला होते, होडी, मग मोटरसायकल, मग पायी, आणि एवढं करून पोचलं की कळायचं अख्खी वस्ती वीटभट्टीवर गेलीय.

काम काय तर १५ वर्षांखालच्या पोराचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की केस नोंदवायची, १४ दिवसांच्या आत आणि निदान २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन बर्फात पाठवायचे. पण पोर आधी जातं ओझाकडे, म्हणजे मांत्रिकाकडे, मग गावच्या झोलाछाप, म्हणजे बिनडिग्रीच्या डॉक्टरकडे, दवाखान्यात शेवटी. म्हणून या दोघांशी ओळख ठेवायची, चहा प्यायचा, नंबर द्यायचा, लवकर फोन त्यांचाच येतो.

नंतर नायजेरियात कानोला गेले, स्टॉप नावाच्या प्रोग्राममधून. १९९९ ला सुरू झालेला, अनुभवी लोकांना काही महिन्यांसाठी बाहेर पाठवायचे. २००३ मध्ये याच भागात लसीवर बहिष्कार पडला होता, लस घेतली की पुढे मुलं होत नाहीत म्हणे. ही अफवा मी बिहारमध्येही ऐकली होती, शब्द तेवढे वेगळे. कानोत परक्या पुरुषाला घरात आत येऊ देत नाहीत, त्यामुळे फील्डवर बाईमाणूस असल्याचा मला पहिल्यांदाच फायदा झाला.

टॅली शीट, म्हणजे लस दिलेल्या पोरांच्या नोंदीचा कागद, चकाचक दिसली की मला संशय येतो. एकदा शीटवर सगळ्या पोरांना लस दिलेली आणि विहिरीपाशी खेळणाऱ्या चौघांच्या करंगळीला लस दिल्याची खूण म्हणून लावतात ती शाईच नाही. मी टीमला तिथेच, मोहल्ल्याच्या मुखियासमोर झापलं. चूक माझीच, दुसऱ्या दिवशी दोघी आल्याच नाहीत, मग घरी जाऊन माफी मागून आणलं.

२०२० मध्ये आफ्रिका वाइल्ड, म्हणजे नैसर्गिक व्हायरसच्या पोलिओपासून मुक्त जाहीर झाली, पण लसीतल्या व्हायरसपासून तयार झालेला पोलिओ अजून सापडतो, म्हणजे काम आहे. काँट्रॅक्ट मात्र छोटी, पुढचं मिळेलच असं नाही, होमलोन चालू असेल तर नीट विचार करा. फ्रेंच शिका, चाड, नायजर, काँगो सगळीकडे तीच चालते.

आणि बूट इथूनच वापरून मऊ केलेले न्या. मी कोरे नेले होते, पहिला आठवडा चपलेवर काढला.