घरच्या घरी पद्मिनी : आधी पत्रा, शेवटी रंग

मुंबईत जुनी गाडी स्वतःच्या हाताने दुरुस्त करायला घेणाऱ्याच्या वाट्याला बहुधा प्रीमियर पद्मिनीच येते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली आणि सत्तरच्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेली ही गाडी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये शहरातून निवृत्त झाली. तरीही कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाउसची दुकाने पालथी घातली, तर तिचे सुटे भाग अजून मिळतात. तिचे १०८९ सीसीचे इंजिनही इतके साधे आहे, की पान्यांचा एक संच, बारीक फटी मोजायचे फीलर गेज आणि चिकाटी यांवर त्याचे बरेचसे काम घरी उरकते. अवघड आहे तो पत्रा. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट, नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो, म्हणून खाऱ्या हवेने तिथे धरलेला गंज हा सांगाड्यालाच लागलेला रोग समजावा.

गाडी पाहायला जाताना मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक आणि एक जाड स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवावा. दारांचा खालचा भाग, चाकांच्या कमानी आणि दारांखालच्या पेट्या यांवरून चुंबक फिरवल्यावर जिथे ते पकड सोडते, तिथे पत्र्यावर पुट्टीचा जाड थर आहे किंवा पत्राच उरलेला नाही. आतले गालिचे उचलून तळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. ही तपासणी मी माझ्या गाडीच्या बाबतीत घाईत उरकली होती. घरी आणल्यावर डाव्या बाजूची पेटी खरवडली, तेव्हा पुट्टीखालून वर्तमानपत्राचा दाबून बसवलेला बोळा निघाला, आणि त्यावरच्या विवाहविषयक जाहिराती अजून वाचता येत होत्या. पूर्वीच्या कोणा कारागिराने भोक बुजवण्याचा स्वस्त मार्ग काढला होता. त्याची किंमत मला अख्खी पेटी बदलून मोजावी लागली.

पत्र्याइतकेच कागद पाहावेत. सांगाड्यावर ठोकलेला चासी क्रमांक आणि इंजिनवरचा क्रमांक आरसीशी अक्षरन्‌अक्षर जुळले पाहिजेत. खासगी गाडीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण होते, ते झालेले आहे की थकले आहे, हे व्यवहारापूर्वी विचारावे. इंजिन बदलायचे असेल तर आरटीओची परवानगी लागते आणि रंग बदलला तर तशी नोंद करून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण मग ती रोज ऑफिसला नेता येत नाही. ज्याला गाडी खरोखर चालवायची आहे, त्याने या मोहात पडू नये असे माझे मत आहे.

काम ऑक्टोबरमध्ये सुरू करून उघडा पत्रा मे अखेरपर्यंत झाकला जाईल असा बेत आखावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर समितीची लेखी संमती घ्यावी, आणि वेल्डिंग व फवारणीचा रंग तिथे मुळीच करू नये; या दोन गोष्टींसाठी गॅरेजच गाठावे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नये, चारही कोपऱ्यांना लोखंडी स्टँड द्यावेत. उघडलेला प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा आणि त्याचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावेत. सहा महिन्यांनी वायरिंग जोडताना आपलीच स्मरणशक्ती दगा देते.

वेल्डिंगला पाठवण्यापूर्वी बॅटरी, पेट्रोलची टाकी आणि नळ्या काढून टाकाव्यात. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, त्यामुळे गळकी टाकी घरी डाग देऊन सांधण्याचा विचारही करू नये. पेट्या बदलताना एका वेळी एकच बाजू कापू द्यावी, आणि कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवा-तिरपा लोखंडी टेकू टाचून घ्यावा. तो न दिल्यास गाडी मधून नकळत वाकते. नवी पेटी सुबक बसते, पण दार मात्र लागत नाही. टाचणीचे, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे तात्पुरते, वेल्डिंग झाल्यावर दार बसवून भोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे ना हे पाहावे, आणि मगच पक्के वेल्डिंग करू द्यावे.

यानंतर ब्रेक. मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर उघडून रबरी वॉशर सगळेच्या सगळे नवे घालावेत. हे भाग पेट्रोलने किंवा इंजिन ऑइलने धुऊ नयेत, कारण त्याने रबर फुगते. धुण्यासाठी ब्रेक फ्लुइडच वापरावे. ते हवेतली आर्द्रता शोषून घेते, म्हणून अर्धवट उरलेला जुना डबा वापरू नये.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीला एकदम स्टार्टर मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, दोन दिवस मुरू द्यावे आणि मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवावे. अडले तर जोर न करता पुन्हा तेल सोडावे. प्लगच्या वायरी बसवताना फायरिंगचा, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-४-२ हा आहे. आजच्या पंपांवरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे गॅसकेट इथेनॉल सोसणारे घ्यावेत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

रंग सर्वांत शेवटी. पुट्टी पाणी शोषते आणि साधा रेड ऑक्साईड प्रायमर ओलावा अडवत नाही, त्यामुळे प्रायमरवर महिनाभर उभी ठेवलेली गाडी रंगवली की पुढच्या पावसाळ्यात रंगाला फोड येतात. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारायला लावावा, पुट्टी नखाच्या जाडीहून अधिक चढू देऊ नये, आणि दारांखालच्या पेट्यांत आतून मेणाचा थर फवारून घ्यावा. गाडी घरी आल्यावर दारांच्या तळाशी असलेली पाणी निघण्याची भोके नव्या रंगाने बुजली आहेत का हे बारीक तारेने पाहावे. बुजली असल्यास ती मोकळी करून त्यांच्या कडांना ब्रशने रंग लावावा.